अर्ध्या तासाचे सभासदत्व

(वाचनालयाच्या शताब्दी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती तेवढी वगळली आहे.)



मराठीच्या प्राध्यापकाकडून शताब्दीच्या व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर किंवा बडोद्यातील मराठी रंगभूमीवर काही ऐकावयास मिळेल, अशी आपणांपैकी अनेकांची अपेक्षा असणार. कार्यकारिणीने माझ्याकडे सोपविला तो विषय मात्र वाय-फायचा. त्याचे कारण सरळ आहे. शताब्दीच्या निमित्ताने अभ्यासिकेत विनामूल्य वाय-फाय सुरू करावयाचे, असा ठराव झाला. त्याचे नियम ठरविणाऱ्या उपसमितीत मी आहे, आणि मसुद्यातील एकाच वाक्यावर आमच्या दोन बैठका खर्ची पडल्या. ते वाक्य असे : 'प्रत्येक वाचकास दिवसातून अर्धा तास जोडणी मिळेल.' वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु अर्धाच तास का, तो मोजणार कोण, कोणत्या क्षणापासून मोजणार, आणि तो संपला म्हणजे नेमके काय तुटणार, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आम्हांपैकी कोणापाशी नव्हते. उपसमितीतील एका तरुण अभियंत्याच्या मागे लागून मी हा विषय समजून घेतला. जे समजले ते आपल्यासमोर ठेवतो. कारण अंतिम मत आपले आहे.

आरंभी नावांचा घोटाळा निस्तरू. छताला चिकटविलेली पांढरी तबकडी दिसली की आपण तिला राउटर म्हणतो. वस्तुतः येथे दोन निराळी कामे चालतात. हवेतील रेडिओलहरी झेलणे आणि परत सोडणे हे एक काम. ते करणाऱ्या यंत्राला 'ॲक्सेस पॉइंट' म्हणतात. आतून आलेला मजकूर बाहेरच्या जगाकडे कोणत्या वाटेने धाडावयाचा हे ठरविणे, हे दुसरे. राउटर तो हा. त्याला आपल्या भाषेत 'वाटाड्या' हा नेमका शब्द आहे, पण परिभाषा घडविणाऱ्यांना तो फार गावठी वाटला असावा. घरी आपण जी पेटी आणतो तिच्यात ही दोन्ही कामे, शिवाय आणखी दोन-तीन, एकत्र कोंबलेली असतात. म्हणून फरक जाणवत नाही. रेल्वे स्थानकावर किंवा मोठ्या ग्रंथालयात छतावरच्या तबकड्या अनेक असतात आणि सर्वांचा हिशेब ठेवणारे एक यंत्र आत कोठेतरी बसलेले असते. वेळेची मर्यादा घालतो तो हा आतला. छतावरची तबकडी बिचारी निरोप्या.

ही तबकडी सेकंदाला सुमारे दहा वेळा आपले नाव पुकारीत असते. आपला मोबाइल ते ऐकतो आणि 'मला जोडून घ्या' अशी विनंती करतो; तबकडी त्याला एक क्रमांक देऊन आपल्या यादीत घेते. प्रमाणित नियमांनुसार हे क्रमांक २००७ पर्यंत जाऊ शकतात. प्रत्यक्षात साधी पेटी काही डझन यंत्रे जोडली गेली की धापा टाकू लागते. याचे कारण पेटीत जेवढे आहे, त्याहून अधिक हवेत आहे.

एका लहरीपट्ट्यावर एका वेळी एकानेच बोलावयाचे, हा या जगाचा मूळ नियम. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या बेटांवरील यंत्रे रेडिओने एका मध्यवर्ती संगणकाला जोडली. त्या जाळ्याचे नाव 'अलोहा'. त्यात जो तो मनाला येईल तेव्हा बोले. दोघे एकाच वेळी बोलल्यामुळे पोच मिळाली नाही, तर थोडे थांबून पुन्हा बोले. वाय-फायचे पहिले प्रमाण १९९७ साली निघाले, त्यात या रीतीला वळण लावले गेले. आधी कान द्यावयाचा, शांतता असेल तर आणखी एक छोटा, नशिबावर सोडलेला अवधी थांबावयाचे, मग बोलावयाचे. दोघे एकाच वेळी थांबले असले तरी त्यांचे थांबणे सहसा सारखे नसते, म्हणून टक्कर टळते. आपल्या साहित्यसंमेलनांतील परिसंवादांना ही शिस्त लागू करता आली तर बरे होईल, असे मला हे समजून घेताना वाटले.

या व्यवस्थेत एक अन्याय दडलेला आहे, आणि तो आपल्या अभ्यासिकेला लागू पडतो. तबकडीच्या खाली बसलेल्या वाचकाचा मोबाइल भरभर बोलतो. जिन्याखालच्या बाकावर बसलेल्याचा, दोन भिंतींपलीकडून, सावकाश बोलतो. दोघांना बोलण्याची संधी सारख्याच वेळा मिळते. पण सावकाश बोलणारा तेवढ्याच मजकुरासाठी कितीतरी अधिक वेळ हवा अडवून धरतो, आणि तेवढा वेळ बाकीचे सारे गप्प असतात. अर्थात किती जण जोडले गेले, यापेक्षा कोण किती वेळ हवा व्यापतो, हे महत्त्वाचे. नवी यंत्रे हवेचा वेळच सर्वांना सारखा वाटून देऊ शकतात. आपल्याकरिता त्याहून स्वस्त उपाय म्हणजे जिन्याजवळ आणखी एक तबकडी लावणे.

हवेतील जागा मिळाली तरी अजून काहीच साधलेले नसते, पत्ता लागतो. डीएचसीपी नावाची जी पद्धत आहे, तिचे आज रूढ असलेले रूप १९९७ सालचे. नव्याने आलेला मोबाइल ओरडतो, 'येथे पत्ता देणारे कोणी आहे का?' राउटर म्हणतो, 'हा पत्ता मोकळा आहे.' मोबाइल म्हणतो, 'मग तोच मला द्या.' राउटर म्हणतो, 'दिला, अमुक इतक्या मुदतीसाठी.' पत्ता विकत मिळत नाही, पट्ट्याने मिळतो. मुदत अर्धी उलटली की मोबाइल आपण होऊन नूतनीकरण मागतो आणि ते बहुधा मिळते. साध्या घरगुती मांडणीत असे २५४ पत्ते असतात, एक राउटर स्वतःकडे ठेवतो, उरले २५३.

आता मुदत किती ठेवावी? घरात चोवीस तासांची मुदत असली तरी बिघडत नाही, कारण माणसे तीच. सार्वजनिक ठिकाणी याच मुदतीने घोटाळा होतो. निघून जाणारा मोबाइल सहसा निरोप घेत नाही. तो नुसता नाहीसा होतो, आणि त्याचा पत्ता मुदत संपेपर्यंत त्याच्याच नावावर राहतो. मी एका मंगल कार्यालयात पाहिले आहे : सकाळच्या मुहूर्ताला आलेल्या पाहुण्यांना वाय-फाय उत्तम मिळाले, आणि दुपारी कार्यालय अर्धे रिकामे झालेले असताना नव्याने आलेल्या कोणालाच ते मिळेना. कार्यालयाचे व्यवस्थापक पेटी बंद-चालू करीत होते, आणि 'लाइन खराब आहे' असे सर्वांना सांगत होते. लाइन ठणठणीत होती. गावी परतलेले वऱ्हाडी आपापले पत्ते खिशात घालून गेले होते, इतकेच. मुदत अर्ध्या तासाची ठेवली असती, तर गेलेल्याचा पत्ता फार तर अर्ध्या तासात मोकळा झाला असता.

येथेच आमच्या पहिल्या बैठकीत एक सूचना आली होती. एका ज्येष्ठ सभासदांनी म्हटले, "मग पत्त्याचा पट्टाच अर्ध्या तासाचा करा, म्हणजे वाचकाची वेळही अर्ध्या तासाने आपोआप संपेल." आमचे अभियंता हसून म्हणाले, "काका, पंधराव्या मिनिटाला मोबाइल नूतनीकरण मागतो. बसलेल्या माणसाचा पट्टा संपतच नाही." पट्टा ही पत्त्यांच्या साठ्याची सोय आहे; माणसाला उठविण्याचे साधन नव्हे.

पत्त्यांची ही काटकसर का, हेही थोडक्यात सांगतो. इंटरनेटची जुनी पत्तेपद्धती ३२ अंकस्थानांची, म्हणून एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. अवघ्या जगाला एवढे पुरेनात. मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला. म्हणून आपल्या राउटरच्या आतले पत्ते खाजगी असतात आणि बाहेर सर्वांच्या वतीने एकच पत्ता वावरतो. जुन्या वाड्याला महानगरपालिकेचा क्रमांक एक आणि आत बिऱ्हाडे वीस, तसे. कोणत्या बिऱ्हाडाने कोणाला पत्र टाकले होते याची वही वाटाड्या ठेवतो, आणि उत्तर आले की वही पाहून ते पोहोचविता करतो. ही वही अनंत नसते. बराच काळ हालचाल नसलेल्या नोंदी खोडाव्या लागतात. स्थिर जोडणीची नोंद मुकी असली तरी निदान २ तास ४ मिनिटे खोडू नये, असा संकेत आहे. ही चार मिनिटे कोठून आली, हे मी विचारून घेतले. मुकी जोडणी जिवंत आहे ना, हे यंत्रे सहसा दोन तासांनी एकदा चाचपून पाहतात. ते चाचपणे पोहोचेपर्यंत दम धरण्यासाठी वरची चार.

आतापर्यंत माणूस कोण हे कोणी विचारलेले नाही. ते विचारले जाते देवडीवर. इंग्रजीत या व्यवस्थेला 'कॅप्टिव्ह पोर्टल' म्हणतात. मी तिला देवडी म्हणतो. सरदारांच्या वाड्यात शिरलेल्या पाहुण्याला आधी देवडीवर बसवीत, नावगाव विचारीत, आत वर्दी देत, आणि मग चौकात सोडीत. येथे तसेच घडते. मोबाइलला हवा मिळाली, पत्ता मिळाला. तरी आतले यंत्र त्याचा कोणताही मजकूर बाहेर जाऊ देत नाही. मोबाइलही धूर्त असतो. जोडला जाताच तो आपल्या उत्पादकाच्या एका ठरलेल्या पानाची मागणी करून पाहतो. ठरलेले उत्तर आले तर वाट मोकळी. उत्तराऐवजी दुसरेच पान समोर आले, तर आपण देवडीवर आहोत हे ओळखून तो ते पान आपल्यापुढे उघडतो. तेच ते मोबाइल क्रमांक विचारणारे पान. क्रमांक द्यावयाचा, संदेशाने आलेले आकडे भरावयाचे, की देवडीवरचा पहारेकरी आपल्या यादीत या यंत्रापुढे 'जाऊ द्या' अशी खूण करतो.

ही चौकशी कशासाठी, असे तरुण वाचक विचारतात. तिचा इतिहास आपल्या जवळचा आणि दुःखाचा आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्या वेळी वृत्तवाहिन्यांना आलेला ई-मेल नवी मुंबईतील एका घराच्या संकेतशब्दाविना उघड्या असलेल्या वाय-फायवरून धाडला गेला होता. त्या घरात राहणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. त्यानंतर २००९ च्या फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने सार्वजनिक वाय-फायवर येणाऱ्याची ओळख पटवून नोंद ठेवावी, असे निर्देश काढले. क्रमांक आणि संदेश ही रीत त्यातून रुळली.

ओळख यंत्रावरून का पटवू नये? प्रत्येक मोबाइलच्या रेडिओला कारखान्यातच एक ४८ अंकस्थानांचा क्रमांक दिलेला असतो, आणि पूर्वी देवड्या त्यावरच विसंबत. परंतु याच क्रमांकाचा माग काढून दुकानदार आणि जाहिरातदार माणसांची ये-जा टिपू लागले. तेव्हा २०१९ पासून अँड्रॉइडच्या आणि २०२० पासून आयफोनच्या प्रणालींनी प्रत्येक जाळ्यापुढे निराळा, बनविलेला क्रमांक सांगण्यास आरंभ केला. मला ही गोष्ट रास्त वाटते. पण तिच्यामुळे यंत्रावर आधारलेली वेळेची मर्यादा पोकळ झाली. नवा मुखवटा चढविला की नवा अर्धा तास.

आता घड्याळाकडे येऊ. येथे घड्याळे तीन आहेत आणि त्यांची गल्लत केल्यानेच आमच्या बैठका लांबल्या. पत्त्याच्या पट्ट्याचे पहिले. ते आपण पाहिले. उरलेली दोन देवडीवर टांगलेली असतात, पण त्यांना चावी देणारा आत बसलेला एक फडणीस आहे. त्याचे नाव 'रेडियस'. १९९१ च्या सुमारास अमेरिकेत, टेलिफोन फिरवून संगणकाला जोडून घेण्याच्या काळात, ही पद्धत जन्मली. टेलिफोनची ती कर्कश किरकिर गेली, फडणीस मात्र नोकरीवर राहिला. त्याची कामे तीन : ओळख पटविणे, परवानगी देणे, हिशेब ठेवणे. तो परवानगी देतानाच देवडीला दोन आकडे कळवितो. एक आकडा एकूण अवधीचा, उदाहरणार्थ १८०० सेकंद. दुसरा निष्क्रियतेचा, समजा ३०० सेकंद. एवढा वेळ काहीच हालचाल झाली नाही तर जोडणी तोडावी. मोजणी देवडी करते, मोबाइल नव्हे. म्हणून मोबाइलचे घड्याळ मागे सारून काही साधत नाही. जोडणी संपली की किती वेळ गेला, किती मजकूर वाहिला आणि कोणत्या कारणाने संपली, हे देवडी फडणिसाला लिहून कळविते. त्याच दिवशी तो वाचक पुन्हा आला तर फडणीस वजाबाकी करतो : आधी दहा मिनिटे झाली असतील, तर या वेळी १२०० सेकंद.

हिशेब चोख आहे. वाचनालयाच्या दृष्टीने त्यात एक मोठी खोच आहे. एखाद्या विद्यार्थ्याने दहा वाजता येऊन पाच मिनिटांत एक जुनी प्रश्नपत्रिका उतरवून घेतली, मोबाइल खिशात ठेवला आणि तो पुस्तकात डोके घालून बसला. एकूण अवधीचे घड्याळ चालूच आहे. निष्क्रियतेचे घड्याळ त्याच्या मदतीला यावे, तर तेही येत नाही. कारण खिशातला मोबाइल कधी मुका नसतो. निरोप आले का, हवामान काय, कोणते ॲप जुने झाले, अशी त्याची कुजबुज चालू असते आणि देवडीला ती हालचालच वाटते. साडेदहाला अर्धा तास संपतो. म्हणजे जो वाचक इंटरनेट बाजूला ठेवून पुस्तक वाचतो, त्याचीच वेळ आपण कापतो. वाचनालयाने करावयाची ही गोष्ट खासच नव्हे!

याहून गंभीर प्रकार माझ्या एका विद्यार्थिनीच्या बाबतीत घडला. ठिकाणाचे नाव सांगण्याचे कारण नाही; तेथे विनामूल्य अर्धा तास मिळत असे. ती स्पर्धापरीक्षेचा अर्ज भरीत होती, दिवस शेवटचा होता, मोबाइलमधले स्वतःचे रिचार्ज संपलेले होते. छायाचित्र, सही, प्रमाणपत्रे चढवून ती शुल्काच्या पानावर पोहोचली आणि १८०० वा सेकंद उलटला. देवडी अशा वेळी 'वेळ झाली' असे सांगत नाही. ती नुसता मजकूर गिळू लागते. शुल्काचे पान कुलूपबंद जोडणीवर असते, त्यामुळे मध्येच आपले पान घुसविणे देवडीला शक्य नसते. पडद्यावर फक्त चक्र फिरत राहते. पलीकडचे संकेतस्थळ समजते की बाई उठून गेल्या. पैसे खात्यातून गेले, अर्ज नोंदला गेला नाही. पैसे काही दिवसांनी परत आले. परीक्षेचे वर्ष परत आले नाही.

यंत्रणेत कोणताही बिघाड नव्हता. तिला जे सांगितले होते ते तिने अचूक केले. म्हणून उपसमितीत मी आग्रहाने विचारले, की मर्यादा घालून आपल्याला नेमकी कोणती टंचाई निवारावयाची आहे? पत्ते अपुरे असतील, तर पट्टा आखूड करा आणि साठा वाढवा. पत्ते खाजगीच असल्याने दोनशेचे दोन हजार करण्यास पैसा लागत नाही. हवा अपुरी असेल, तर तबकड्या वाढवा. बाहेरची लाइन अपुरी असेल, तर वेळ कापण्यापेक्षा लाइन वाटावी. आपली लाइन शंभर मेगाबिटची आहे. चाळीस वाचकांनी एकाच क्षणी मागणी केली तरी प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मेगाबिट येतात, आणि अर्ज भरण्यास, लेख वाचण्यास तेवढे पुरते. शिवाय चाळिसांची मागणी एका क्षणी येते कोठे? अडचण होते ती एखादा महाभाग चित्रपट उतरवू लागतो तेव्हा. त्यावर तोड निघालेली आहे. प्रत्येक प्रवाहाची रांग निराळी लावून आळीपाळीने थोडे थोडे वाढावयाचे, म्हणजे एकाच्या ताटाने पंगत अडत नाही. 'एफक्यू-कोडेल' या नावाने २०१८ साली प्रमाणग्रंथांत दाखल झालेली ही रीत आता बऱ्याच साध्या राउटरांतही मिळते.

मग रेल्वेने अर्धा तास का ठेवला, असा प्रश्न येईल, कारण आमच्या मसुद्यातला अर्धा तास तेथूनच उचलला होता. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला रेलटेल व गूगल यांनी स्थानकावरील विनामूल्य वाय-फाय सुरू केले. पुढे गूगलने २०२० साली अंग काढून घेण्याचे जाहीर केले तरी रेलटेलने ते चालू ठेवले. दिवसाचा पहिला अर्धा तास विनामूल्य आणि त्यापुढे २०२१ च्या मार्चपासून सशुल्क योजना, असा त्यांचा हिशेब. त्यात गैर काही नाही. गाडी येईपर्यंतचा वेळ साधारण तेवढाच, आणि पुढची विक्रीही व्हावयाची असते. स्थानक हे थांबण्याचे ठिकाण आहे, वाचनालय बसण्याचे. आपल्याला पुढे काही विकावयाचे नाही.

आपला जुना नियमच मला येथे अधिक शास्त्रीय वाटतो. पुस्तक ठरलेल्या मुदतीने परत करावयाचे. पण दुसऱ्या कोणाची मागणी नोंदलेली नसेल, तर मुदतवाढ मिळते. डीएचसीपी करते ते याहून फारसे निराळे नाही. वाय-फायलाही हेच लावता येईल. वाचकास दोन तास द्यावेत. दोन तासांनी गर्दी नसेल तर देवडीने आपण होऊन वाढवून द्यावेत. गर्दी असेल तर जोडणी तोडू नये, वेग कमी करावा. मंद वेगातही अर्ज पूर्ण होतो. चित्रपट मात्र होत नाही. तोडणे अटळच असेल, तर दहा मिनिटे आधी सूचना द्यावी. किती सेकंद उरले हे मोबाइलने देवडीला विचारावे आणि तिने सांगावे, अशी प्रमाणित पद्धत २०२० साली प्रसिद्ध झालेली आहे. सर्व यंत्रांत ती नाही. निविदेत मात्र तिचा उल्लेख करण्यास आपणांस कोणी अडविलेले नाही.

बडोद्यात उभे राहून खुल्या प्रवेशाविषयी बोलताना सयाजीराव महाराजांचे स्मरण अपरिहार्य आहे. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून घेतले, आणि वाचकाने कपाटापर्यंत जाऊन स्वतःच्या हाताने पुस्तक काढावे, ही त्या काळी धाडसाची वाटणारी पद्धत येथे रुजली. पुस्तके चोरीस जातील, ही शंका जेथे जेथे खुली कपाटे आली तेथे तेथे घेतली गेली. वाय-फायविषयी आमच्या बैठकीत घेतलेल्या शंका ऐकताना त्यांतला स्वर ओळखीचा वाटला.

एक विषय उरला, आणि माझ्या मते तो वेळेहून मोठा आहे : नोंदवही. फडणिसाच्या दप्तरात क्रमांक, वेळ, दिलेला पत्ता हे सारे साठते. वाचक कोणते पान वाचतो हे सहसा दिसत नाही, कारण आज बहुतेक संकेतस्थळांची जोडणी कुलूपबंद असते. पण तो कोणत्या संकेतस्थळाकडे गेला, हे पुष्कळदा कळते. शंभर वर्षे आपल्या देवघेवीच्या रजिस्टरात कोणी कोणते पुस्तक नेले हे लिहिले गेले, आणि ग्रंथपालांनी ते तिसऱ्या माणसाला दाखविले नाही. एखाद्या आजाराविषयीचे पुस्तक कोणी नेले, वारसाहक्काच्या कायद्याचे कोणी नेले, हे पेठेत कळले असते तर माणसे वाचनालयात आली नसती. नव्या वहीलाही हीच शिस्त हवी. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने तर घेतलेली माहिती सांगितलेल्या कारणापलीकडे वापरू नये, हे स्पष्टच केले आहे. देवडीवर जाहिराती दाखविण्याच्या बदल्यात फुकट यंत्रे बसवून देण्याचा एक प्रस्ताव आपल्याकडे आला होता. त्यात क्रमांकांची यादी त्या व्यावसायिकाकडे जाणार होती. उपसमितीने तो एकमताने नाकारला, आणि त्या दिवशी चहा जरा गोड लागला.

त्याऐवजी आम्ही सुचवीत आहोत ती 'पीएम-वाणी' ही योजना. केंद्रीय मंत्रिमंडळाने ती ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केली. पूर्वीच्या एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या फलकांची आठवण यावी अशी तिची रचना आहे : वाण्याचे दुकान असो वा वाचनालय, कोणीही परवान्यावाचून, नोंदणी शुल्कावाचून 'पब्लिक डेटा ऑफिस' होऊ शकते. ओळख आणि हिशेब यांची जबाबदारी अशा अनेक केंद्रांचे काम पाहणाऱ्या नोंदणीकृत संस्थेवर राहते. आपल्या कर्मचाऱ्यांना वही सांभाळावी लागणार नाही; मात्र ती सांभाळणाऱ्याशी होणारा करार वाचून सही करावी लागेल. ते काम मी अंगावर घेतले आहे. निदान वाक्ये तरी तपासीन!

सुधारित मसुदा प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर लावला आहे. त्यातील तिसरे कलम वेळेचे, पाचवे वेगाचे आणि आठवे नोंदींचे. ज्येष्ठ वाचकांसाठी, ज्यांच्यापाशी मोबाइल नाही, त्यांना सभासद क्रमांकावर ग्रंथपालांकडून एक दिवसाची चिठ्ठी मिळावी, अशी सूचना काल आली. ती नवव्या कलमात घालत आहोत. वार्षिक सभेच्या आठ दिवस आधीपर्यंत आपल्या हरकती ग्रंथपालांकडे लेखी द्याव्यात. अर्ध्या तासाच्या बाजूने असलेल्यांनी तर अवश्य द्याव्यात. त्यांची बाजू मांडणारे उपसमितीत आता कोणी उरलेले नाही.